चाचणीत चौदा, डब्यात तीन धपाटे

"लेकरू खाईनाच झालंय, मॅडम. वजन वाढायची भीती बसली का, तेवढं मोजून सांगा."

नीटच्या तयारीसाठी लातूरला हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीची आई. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) 'मोजून सांगा' हे मला बरेच पालक म्हणतात, जणू ताप आहे.

मोजपट्ट्या आहेतही. गोल्डफार्ब आणि सहकाऱ्यांची १९८५ची लठ्ठपणाच्या भीतीची मोजपट्टी दहा विधानांची आहे. प्रत्येकाला १ ते ४ गुण, म्हणजे एकूण १० ते ४०. मी विधानं मराठीत समजावत गेले, पोरगी शांतपणे उत्तरं देत गेली. आले १४. आईचा जीव भांड्यात पडला, माझा नाही.

कारण चारपैकी तीन धपाटे डब्यात तसेच परत येत होते. पाळी तीन महिने नव्हती. एप्रिलच्या लातुरात ती स्वेटर घालून बसली होती. विचारलं तर एकच, "पोट डब्ब होतं." खोटं नव्हतं ते. बरेच दिवस पोटाला मारलं की जठर हळू रिकामं होतं, दोन घास खाल्ले तरी फुगल्यासारखं वाटतं.

हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९३ साली ॲनोरेक्सियाच्या, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवण्याच्या मानसिक आजाराच्या, ७० रुग्णांबद्दल लिहिलं होतं. निम्म्याहून अधिक जणांनी जाड होण्याची भीती सांगितलीच नव्हती. पोट फुगतं, भूक नाही, असंच म्हणत होते. मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरतात त्या २०१३च्या डीएसएम-५ या अमेरिकी पुस्तकातही, या आजारासाठी भीती बोलून दाखवलीच पाहिजे असं नाही. वजन वाढू न देणारं वागणं सतत दिसत असेल तर तेही धरतात. मोजपट्टी विचारते तेवढंच मोजते. आणि आमच्याकडच्या पोरी 'मला जाड व्हायची भीती वाटते' असं वाक्य सहसा बोलत नाहीत. 'पित्त होतं' म्हणतात.

मग कागद बाजूला ठेवून विचारलं, "उद्यापासून रोज दोन भाकरी खायच्या ठरल्या, तर आज रात्री झोप लागेल?" ती ओढणीचं टोक पिळत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "नाही."

त्याच दिवशी फिजिशियनकडे पाठवलं: नाडी, रक्तदाब, रक्तातले क्षार. हे आधी, बोलणं नंतर. पुढे मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ आले. आईनं पोरीला महिनाभर घरी नेलं, शेजारी बसून जेवू घातलं.

परवा फोन आला, "चाचणी परत घ्यायची का?"

म्हटलं, "आधी पाळी येऊ द्या. आणि मावशीला सांगा, 'बारीक झालीस, छान दिसतीस' हे बंद."