बक्षीसपत्राची घाई नको

प्रश्न : मी ६७ वर्षांची निवृत्त शिक्षिका असून नाशिकला लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. यजमान ७३ वर्षांचे आहेत. त्यांना दोन वर्षांपूर्वी पार्किन्सनचे निदान झाले. अजून ते हिंडते-फिरते आहेत. फ्लॅट आणि बहुतेक ठेवी त्यांच्या एकट्याच्या नावावर आहेत. मुलगा म्हणतो, फ्लॅट आताच बक्षीसपत्राने त्याच्या नावावर करावा आणि बाकी व्यवहारांसाठी त्याला कुलमुखत्यारपत्र द्यावे. यात आमची पुढची सोय होईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : चिरंजीवांचा हेतू शुद्धच आहे असे धरले, तरी या दोन कागदांनी मालमत्तेची सोय होते, शुश्रूषेची नाही.

पार्किन्सनमध्ये पुढे काही रुग्णांची विचारशक्तीही क्षीण होते, आणि भारतीय करार अधिनियमाच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता संपली की मुखत्याराचा अधिकारही संपतो. म्हणजे ज्या दिवशी कागद हवा, त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरतो आणि पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावे लागते. त्यापेक्षा ठेवींवर आपले नाव आताच लावून घ्यावे. मुदतीआधी ठेव मोडताना पुष्कळ बँका दोघांच्याही सह्या मागतात, तेव्हा तेही आधीच विचारून ठेवावे. या आजारात अक्षर बारीक होत जाते. यजमानांची आजची सही बँकेतल्या नमुन्याशी जुळत नसेल, तर नवा नमुना नोंदवावा. हात चालेनासाच झाला, तर दोन साक्षीदारांसमोर, त्यांतला एक बँकेचा अधिकारी, अंगठ्यावर पैसे काढता येतात.

मेडिक्लेम असो वा सत्तरीपुढील ज्येष्ठांसाठीचे आयुष्मान कार्ड, दोन्हींचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. ब्यूरोकडून रुग्णाच्या शुश्रूषेसाठी घरी येणाऱ्या मावशींचा पगार आपल्यालाच द्यावा लागतो. बारा तासांचे दिवसाला ८०० रुपये धरले, तरी महिन्याला २४ हजार होतात, आणि रात्रपाळी निराळी.

हा पैसा वेळ पडल्यास फ्लॅटमधूनच उभा राहणार आहे, म्हणून तो हातचा सोडू नये. उलट, यजमान दुय्यम निबंधकांसमोर समजून-उमजून सही करू शकतात तोवरच तो विकून लिफ्टच्या इमारतीत किंवा तळमजल्यावर जावे, असे मला वाटते. खुर्चीत बसवून दोघांनी जिन्यावरून उतरवणे एकदा जमते, दर पंधरवड्याला नाही. नवे घर दोघांच्या नावावर घ्यावे, आणि मुलाला जे द्यायचे ते मृत्युपत्रात लिहावे. मानसिक क्षमता शाबूत असेपर्यंत ते हयातीत केव्हाही बदलता येते.

एवढे होऊनही बक्षीसपत्राचा आग्रह राहिलाच, तर दोघांच्या सांभाळाची अट दस्तातच स्पष्ट लिहून घ्यावी. तशी अट असून ती मोडली गेल्यास ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या अधिनियमातील कलम २३ खाली हस्तांतरण रद्द करून मागता येते. तोंडी आश्वासनावर तिथे भिस्त ठेवू नये.