डबे बंद करू का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : नमस्कार ताई, मी हिंजवडीजवळ घरगुती जेवणाचे डबे देते. २०२० च्या लॉकडाऊनला आयटीतली सगळी पोरं गावी गेली आणि माझं काम बघता बघता बंद पडलं, तेव्हा पाटल्या मोडून घर चालवलं. नंतर परत सुरू केलं ते बचत गटाचं कर्ज आणि दोन फायनान्सवाल्यांची ग्रुप लोन घेऊन. आता मिस्टरांची नोकरी गेलीय, तेल-डाळीचे भाव चढेच आहेत, त्यात एका ऑफिसने तीन महिन्यांच्या जेवणाचं बिल थकवलंय. डब्यांचे पैसे आले की हप्त्यात जातात नि किराणा उधारीवर येतो. सासूबाई म्हणतात बंद कर हे आणि कुठेतरी कामाला लाग. काय करू?

उत्तर : बंद करायचं का ते लगेच ठरवू नका. तुमच्या पत्रात गिऱ्हाईक कमी झालं असं कुठेच नाहीये, डबे जातायत, पैसेही येतायत, फक्त ते आले की घराच्या खर्चात आणि हप्त्यांत जिरतायत. म्हणजे नवऱ्याच्या पगाराची जागा आता तुमच्या डब्यांनी घेतलीय, आणि डबे तोट्यात आहेत की घराचा बोजा डब्यांवर पडलाय हे घरात कुणीच वेगळं करून बघितलेलं नाही. एक महिना वहीत लिहा. डब्यांचे किती आले, किराणा, गॅस, भाजी, डबे पोचवणाऱ्या मुलाचे किती गेले, आणि पहाटेपासून तुम्ही राबता त्याची मजुरीसुद्धा धरा, ती कुणी धरत नाही. घरखर्च दुसऱ्या पानावर. पहिल्या पानावर पैसे उरत असतील तर धंदा ठेवायचा, मग सासूबाईंना आणि मिस्टरांना ती वही दाखवून बोला. मिस्टर घरी आहेत तर ऑर्डर पोचवणं, मंडईतून माल आणणं, वसुलीला जाणं ही कामं त्यांनी घ्यायला काय हरकत आहे, पोऱ्याचे पैसे तरी वाचतील!

आता हप्ते. नवीन ग्रुप लोन काढून जुनं फेडायचं असं कुणी सुचवलं तर कृपा करून करू नका, मी यात बायकांची पार वाताहत झालेली बघितलीय. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला तारण न घेता दिलेलं कर्ज ते मायक्रोफायनान्स, आणि त्याला रिझर्व्ह बँकेचे वेगळे नियम लागू आहेत. घरातल्या सगळ्या कर्जांचे महिन्याचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जात असतील तर अशा घराला नवीन कर्ज द्यायचंच नाही असा नियम आहे. वसुलीचा फोन सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर करता येत नाही, शिवीगाळ, धमकी, शेजाऱ्यांसमोर तमाशा हे तर अजिबात चालत नाही. असं झालं तर आधी त्या कंपनीकडे लेखी तक्रार द्या, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. कर्ज बुडवा असं मी म्हणत नाहीये बरं का. हप्ता चुकायच्या आधीच शाखेत जाऊन नोकरी गेल्याचं सांगा आणि मुदत वाढवून मागा. फक्त एक विचारून घ्या, की थांबलेल्या काळातलं व्याज चढणार का. २०२० ला मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवायची सवलत होती, तेव्हा कितीतरी जणींना वाटलं सहा महिने माफ झाले, आणि व्याज मात्र चालूच होतं.

ऑफिसच्या थकबाकीसाठी तुमच्याकडे चांगलं हत्यार आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केलीय का? फुकट आहे, आधारवर मोबाईलवरून होते, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार सरकारच्या पोर्टलवर करायची. नोंदणी आधीची असलेली बरी, नंतर केली की मागच्या बिलांवरून वाद घालतात. तुमची नसेल तर आजच करा, आणि तोपर्यंत त्या ऑफिसला बिलांच्या तारखा घालून एक ईमेल टाका. इथून पुढे पंधरा दिवसांच्या वर उधारी नाही, हे नवीन गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगायचं.

प्रश्न : तुम्ही नेहमी बायकांवरच जास्त संकट येतं असं लिहिता. मंदी आली की सगळ्यांनाच फटका बसतो ना? माझंही हार्डवेअरचं दुकान आहे, मलाही बसला.

उत्तर : तुम्हाला बसला यात वादच नाही. पण दोघांकडे संकटाच्या आधी काय होतं ते बघा. दुकान, गाळा बहुतेक वेळा पुरुषाच्या नावावर, त्यामुळे बँकेत तारण ठेवायला त्याच्याकडे काहीतरी असतं. बाईकडे तिचे दागिने आणि डब्यात साठवलेले पैसे, आणि संकटात घरासाठी पहिल्यांदा तेच बाहेर निघतात.

गिरणगावाचंच घ्या. परळ-लालबागला खानावळी चालवणाऱ्या बायका किराणा उधार आणायच्या, सावकाराचं व्याज भरायच्या आणि साताऱ्या-कोकणातून एकटे आलेले गिरणी कामगार पगार झाला की महिन्याचे पैसे द्यायचे. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तोवर त्यांना व्यवसाय करणाऱ्या बायका म्हणून कुणी मोजतच नव्हतं. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार, कितीतरी गावी निघून गेले. संपाच्या इतिहासात गिरण्या येतात, कामगार येतात, दत्ता सामंत येतात, पण जिच्या पंगतीला माणूसच उरलं नाही आणि वाण्याची उधारी मात्र उरली त्या बाईचं नाव कुठल्या नुकसानीच्या यादीत नव्हतं. मला हे फार लागतं.

२०१६ च्या ८ नोव्हेंबरलाही तसंच. पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि नवऱ्याच्या, सासरच्या नजरेआड वर्षानुवर्षं जमवलेलं बायकांचं भांडवल एका रात्रीत सगळ्यांसमोर आलं. गावात जिल्हा बँकेचा आधार, तर आठवड्यात जिल्हा बँकांना त्या नोटा घ्यायलाच मनाई झाली. भाजीवाली, मासेवाली यांचा सगळा व्यवहार रोखीचा, पहाटे माल घ्यायला सुट्टे पैसेच नाहीत. तुमच्या दुकानात निदान माल तरी शेल्फवर टिकून राहतो, कोळणीची टोपली संध्याकाळपर्यंत थांबत नाही.

प्रश्न : माझं शिलाईचं काम आहे. अडीअडचणीसाठी ७ लाख साठवलेत, सगळे ओळखीच्या पतसंस्थेत, व्याज जास्त मिळतं म्हणून. सेफ आहे का?

उत्तर : पतसंस्था आणि सहकारी बँक यात फरक आहे. बँक अडचणीत आली तर एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या ठेवींना व्याज धरून ५ लाखांपर्यंत विमा मिळतो, फेब्रुवारी २०२० च्या आधी तो १ लाखच होता. पतसंस्थेला हा विमा नाही. ओळखीचा माणूस चांगला असला तरी बुडीत कर्ज त्याच्या ओळखीने वसूल होत नाही. मुदत संपेल तसे पैसे काढा आणि दोन वेगळ्या बँकांत ५ लाखांच्या आत ठेवा, खातं तुमच्या नावावर आणि नॉमिनी भरून. निदान दोन-तीन महिन्यांचं दुकानभाडं आणि कारागिरांचा पगार निघेल इतकी रक्कम बचत खात्यात ठेवा, कारण विम्याचे पैसे मिळायलासुद्धा ९० दिवसांपर्यंत लागू शकतात आणि तेवढे दिवस भाडं कुणी थांबवत नाही.