सरांनी स्ट्रोक मारला की चित्र कोणाचं?

प्रश्न : मॅडम, मी बीएफए पेंटिंगच्या थर्ड इयरला आहे, कोल्हापूरजवळ राहते. दर रविवारी एका सीनियर चित्रकार सरांच्या स्टुडिओत जाते. सर खूप मनापासून शिकवतात, फी घेत नाहीत. पण माझ्या प्रत्येक चित्रावर ते स्वतः ब्रश घेऊन चार स्ट्रोक मारतात आणि चित्र एकदम उठतं. कॉलेजच्या ॲन्युअलला बक्षीसही मिळालं. आता मैत्रिणी म्हणतात तुझी चित्रं सरांचीच वाटतात, आणि खरं सांगायचं तर घरी एकटी बसले की काय काढायचं तेच सुचत नाही. सरांना सोडू का? आणि स्वतःची स्टाइल कधी येते?

उत्तर : सोडू नकोस अगं. दर रविवारी, फुकटात, मनापासून वेळ देणारा माणूस हल्ली मिळतो कुठे. फक्त त्यांचा ब्रश तुझ्या कॅनव्हासवर येणं थांबव, आणि ते तुलाच करावं लागेल, कारण सरांच्या मते ते मदतच करतायत, त्यांच्या सरांनीही त्यांना असंच शिकवलं असणार. सरळ सांग की सर माझ्या चित्रावर नको, बाजूला कागद ठेवलाय त्यावर दाखवा ना. बोलायला जमत नसेल तर चित्रावर ट्रान्सपरंट शीट टाकून ने, स्टेशनरीच्या दुकानात मिळते, आणि म्हण सर यावर मार्करने दाखवा म्हणजे मला घरी जाऊन परत बघता येईल. चांगले सर याला नाही म्हणत नाहीत.

मी डेमोच्या विरोधात नाही हां. तुमचं गाव आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांचं, तिथे ईझलमागे उभं राहून शिकायची पद्धत अजून जिवंत आहे, आणि टोन कसा पकडायचा, वॉश कधी सुकू द्यायचा, रंग जाड कुठे ठेवायचा हे बघूनच येतं, वाचून येत नाही. पण तुझं चित्र दुरुस्त करून देणं वेगळं आणि तुला चित्रकार म्हणून पुढे नेणं वेगळं. पहिल्यात चित्र सुधारतं, दुसऱ्यात तू. आत्ता तुझी चित्रं सुधारतायत आणि तू घरी कोरा कागद समोर घेऊन बसतेस.

चित्रकार सय्यद हैदर रझांचं उदाहरण बघ. १९४८ मध्ये ते काश्मीरला चित्रं काढत होते, वय सव्वीस, मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेले, तिथे त्यांना हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच फोटोग्राफर भेटला, त्याने चित्रं बघितली आणि सांगितलं की चांगली आहेत पण यात बांधणी नाहीये, सेझान या फ्रेंच चित्रकाराला बघ. बस. एकही चित्र हातात घेऊन सुधारून दिलं नाही, काय कमी आहे ते सांगितलं आणि कोणाकडे बघायचं ते सांगितलं. रझांनी ते डोक्यात ठेवलं, फ्रेंच शिकले, १९५० मध्ये स्कॉलरशिपवर फ्रान्सला गेले, सेझान समोर उभं राहून बघितला आणि पुढची कित्येक वर्षं स्वतःच्या चित्रात ती बांधणी शोधत बसले. हे सगळं काम रझांचं आहे, त्या फोटोग्राफरचं नाही. तुझ्या सरांकडून तुला असं एखादं वाक्य काढून घ्यायचंय.

ते कसं काढायचं? एक फिनिश केलेलं चित्र घेऊन जाऊ नकोस, कारण तयार चित्र बघितलं की कुठल्याही पेंटरचा हात शिवशिवतोच. गठ्ठा घेऊन जा. महिनाभराची सगळी स्केचेस, अर्धवट सोडलेली, फसलेली, बसस्टँडवर पेनने केलेली, सगळी, आणि जमिनीवर पसरून ठेव. मग सरांना विचार की यात मी परत परत कुठे जातेय. कसं झालंय असं विचारू नकोस, त्याला "छान आहे, जरा डार्क वाढव" एवढंच उत्तर मिळतं. कदाचित त्यांना दिसेल की तुझ्या पन्नास कागदांत माणसं नेहमी कडेला आहेत, किंवा तू गोठे काढतेस तेव्हा लाइन मोकळी सुटते आणि मॉडेल समोर बसलं की आखडते. तुला हे दिसणार नाही, तू फार जवळ आहेस. पुढचे चार रविवार मग त्या एकाच गोष्टीवर काम कर, मटेरियल बदलून, साइज बदलून, आणि सरांना मध्ये काही दाखवू नकोस. हो, मुद्दाम. घरी सुचत नाही म्हणतेस ना, ते यातूनच सुटेल, कारण सुचायला आधी स्वतःचा थोडा माल साठलेला लागतो.

डायरी ठेवतेस का? सबमिशनसाठी शेवटच्या रात्री भरतात ती नाही. चित्रकार प्रभाकर बरवे वर्षानुवर्षं डायऱ्या लिहीत होते, २०१९ मध्ये मुंबईच्या एनजीएमए या सरकारी आर्ट गॅलरीतल्या त्यांच्या प्रदर्शनात त्या ठेवल्या होत्या, छोटी छोटी ड्रॉइंग्ज आणि बाजूला मराठीत नोंदी, स्वतःशीच चाललेला वाद म्हण हवं तर. मेंटर रोज भेटत नाही, मधल्या सहा दिवसांत तुझ्याशी वाद घालायला दुसरं कोण आहे? रविवारी सर जे बोलतील ते त्याच रात्री लिही, आणि त्याखाली तुला काय पटलं नाही तेही लिही.

आणखी एक, तू विचारलं नाहीयेस पण लिहितेच, कारण अशी पत्रं बरीच येतात. सरांच्या कमिशनच्या, म्हणजे ऑर्डरच्या कामात बॅकग्राउंड भरायला सांगितलं तर शिकण्यापुरतं एकदोनदा ठीक, मोठ्या चित्रावर हात बसतो, पण ते दर आठवड्याला व्हायला लागलं की ते काम आहे आणि कामाचे पैसे घ्यायचे असतात. स्टुडिओत कधी अवघडल्यासारखं वाटलं, मग कारण काहीही असो, तर गुरुदक्षिणा वगैरे विसरून निघायचं आणि घरी सांगायचं.

स्टाइलचं काय? तिचं नाव सुद्धा काढू नकोस, डिप्लोमा-डिग्रीच्या वयात स्टाइल शोधणारी मुलं इन्स्टावरून उचलतात आणि मग दहा वर्षं ती सोडवता सोडवता दमतात.

प्रश्न : मी विटा भागातल्या हायस्कूलमध्ये चित्रकला शिक्षक आहे, एटीडी झालेला. नववीतला एक मुलगा विलक्षण ड्रॉइंग करतो, एलिमेंटरीला ए ग्रेड आली. पण माझा स्वतःचा हात डिझाइन आणि स्टिल लाइफच्या पुढे फारसा जात नाही. त्याला मी काय देणार? घरचे इंजिनिअरिंग म्हणतायत.

उत्तर : सर, हात त्याच्याकडे आहे, तुम्ही डोळा द्या. रझांचीच गोष्ट परत सांगते. लहानपणी मध्य प्रदेशातल्या खेड्यातल्या शाळेत लक्ष लागेना म्हणून हेडमास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि याकडे बघत बस म्हणाले. ते काही मोठे चित्रकार नव्हते, पण पुढे रझांच्या चित्रात जो बिंदू आला त्याचं मूळ रझा स्वतः त्या भिंतीपाशी सांगायचे.

तुमच्यापासून औंध फार लांब नाही. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं भवानी संग्रहालय आहे तिथे, राजे स्वतः चित्रकार होते म्हणून हे झालं, राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत आणि हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचं आई-मुलाचं शिल्पसुद्धा आहे, जे बघायला लोक लंडनच्या गॅलऱ्या धुंडाळतात आणि आपल्या माणदेशात डोंगरावर ठेवलंय. आपल्याकडच्या निम्म्या कला महाविद्यालयांतली मुलं तिथे गेलेली नसतात याचा मला राग येतो, असो. त्याला घेऊन जा, पण सगळं म्युझियम फिरवू नका. एका चित्रासमोर अर्धा तास बसवा आणि फक्त अंधाराच्या जागा काढायला सांगा, चेहरे नकोत, दागिने तर नकोतच. घरी आल्यावर तेच चित्र न बघता मेमरीने. हे तुम्हीही त्याच्यासोबत करा, त्याच्या शेजारी बसून. शिक्षक पण झगडतो हे बघितलं की मुलाची भीती जाते.

महागडे रंग देऊ नका, न्यूजप्रिंटचा गठ्ठा आणि चारकोल पुरे. इंटरमिजिएटची तयारी चालू ठेवा, दहावीला वाढीव मार्क मिळतात आणि घरचेही खूश राहतात. पालकांशी आत्ता भांडू नका. बीएफएची सीईटी बारावीनंतर असते, सायन्स घेऊनही देता येते, म्हणजे अजून तीन वर्षं कोणालाच काही ठरवायचं नाहीये. तेवढ्यात कागद साठू दे.

प्रश्न : ठाण्याला राहतो, जॉब करून पेंटिंग करतो. ऑनलाइन मेंटरशिप प्रोग्रॅम आहे, तीस हजार फी, सर्टिफिकेट मिळतं. करावा का?

उत्तर : सर्टिफिकेटसाठी असेल तर नको. तुमचं काम प्रत्यक्ष कोण बघणार, बॅचमध्ये किती जण, आणि आधीच्या बॅचमधल्या दोघांचे नंबर मिळतील का, एवढं विचारा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली की समजा.

पैसे न घालता काय करता येतं तेही सांगते. १९४० च्या दशकात मुंबईत वॉल्टर लँगहॅमर नावाचा व्हिएन्नाहून नाझींमुळे निघून आलेला चित्रकार होता, टाइम्स ऑफ इंडियात आर्ट डायरेक्टर, त्याच्या घरी रविवारी आरा, रझा अशी तरुण चित्रकार मंडळी जमायची, चित्रं दाखवायची, युरोपातल्या चित्रांचे प्रिंट्स बघायची, वाद घालायची. कोर्स नव्हता, फी नव्हती, मोकळं घर होतं. असं घर तुमच्यातल्याच चारपाच जणांना उभं करता येईल, महिन्यातून एक रविवार, आळीपाळीने प्रत्येकाकडे, नियम एकच की प्रत्येकाने नवीन काम आणायचं आणि ज्याचं काम समोर आहे त्याने पहिली पंधरा मिनिटं तोंड उघडायचं नाही. सीनियर माणूस हवाच असेल तर मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीला जा, एंट्री फुकट आहे आणि बरेचसे चित्रकार आपल्या शोमध्ये दिवसभर खुर्ची टाकून बसलेले असतात. आधी त्यांचं काम नीट बघा, मग बोला, आणि फोन काढून स्वतःची चाळीस चित्रं दाखवू नका, तीन पुरेत. ओपनिंगच्या संध्याकाळी मात्र नको, तेव्हा कोणाचं लक्ष नसतं, मधल्या वारी दुपारी गाठा.