मांजर दिवाणाखाली, मकानमालक दारात

इंदूरच्या सुदामा नगरातून एका ताईंनी लिहिलंय. पत्र मोठं आहे, गोष्ट थोडक्यात अशी: नवरा-बायको आणि एक मुलगी तीन वर्षांपासून वरच्या मजल्यावर किरायानं राहतात. मकानमालक काका-काकू खाली. शेवटचा किरायानामा 11 महिन्यांचा होता, त्याची मुदत मागच्या दिवाळीत संपली, पण भाडं तेच, राहणं तसंच. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी जखमी मांजरं सांभाळणाऱ्या एका बाईंकडून मांजर दत्तक आणली. दोन वर्षांची, एका डोळ्यानं अधू, नसबंदी झालेली. पहिले चार दिवस ती दिवाणाखालून बाहेर आली नाही. पाचव्या दिवशी काका वर आले आणि म्हणाले, "सात दिवसांत मांजर काढा, नाहीतर घर खाली करा. नाहीतर मीच पोत्यात घालून बायपासला सोडून येतो, आणि डिपॉझिटचं मग बघू." ताईंनी माझ्याकडे दोन कागदांचे फोटो पाठवलेत, किरायानाम्याचे आणि दत्तकाच्या फॉर्मचे. सोबत कुठल्याशा ग्रुपवर आलेला एक फॉरवर्डही: 'कोणीही तुम्हाला पाळीव प्राणी ठेवायला मनाई करू शकत नाही.'

ताई, सुरुवात या फॉरवर्डपासूनच करते, कारण तो दाखवून काकांशी भांडायला गेलात तर पहिल्याच वाक्याला पडाल. त्यामागे खरी गोष्ट आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं 26 फेब्रुवारी 2015 ला एक मार्गदर्शक पत्रक काढलं: रहिवासी संघटना किंवा सोसायटीनं बहुमतानं ठराव केला तरी सदस्यांना प्राणी पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही. 2021 मध्ये केरळ उच्च न्यायालयानंही अशी बंदी घालणारे सोसायटीचे नियम बेकायदा ठरवले. तो निकाल आपल्या इंदूर खंडपीठावर बंधनकारक नाही, पण युक्तिवादात कामी येतो. मात्र हे सगळं सोसायटी विरुद्ध रहिवासी या भांडणाचं आहे. तुमच्याकडे सोसायटीच नाही. तुमचा प्रश्न तुम्ही स्वतः सही केलेल्या कागदाचा आहे.

त्या कागदाचं नववं कलम वाचा: "किरायेदार मकान में कोई पालतू पशु नहीं रखेगा।" टाइप केलेल्या तयार नमुन्यातली ओळ आहे, नोटरीकडे सही करताना कुणी वाचत नाही, हे मान्य. पण सही आहे. आणि मुदत संपली म्हणून कलम गेलं असंही नाही. मुदतीनंतर मालक भाडं घेत राहिला की संपत्ती हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 116 प्रमाणे तुमचं राहणं साधारणपणे जुन्याच अटींवर, महिन्यामहिन्यानं, पुढं चालू राहतं. जुन्या अटी म्हणजे हीसुद्धा.

मग काका तुम्हाला सात दिवसांत काढू शकतात का? नाही. इंदूरमध्ये घरभाड्याची अशी प्रकरणं आजवर मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, 1961 प्रमाणे चालत आली आहेत. त्याच्या कलम 12 मध्ये भाडेकरूला कोणत्या कारणांनी काढता येतं याची यादी आहे, आणि त्यातलं कारण कोर्टात सिद्ध करावं लागतं. मांजरीपुरतं जवळचं कारण एकच: भाडेकरूनं उपद्रव केला, किंवा घर ज्यासाठी दिलं त्याच्या विरुद्ध वागला, मालकाच्या हिताला मोठा धक्का लावला. अधू डोळ्याची, चार दिवस दिवाणाखाली दडून बसलेली मांजर उपद्रव करते हे न्यायाधीशांपुढं शपथेवर सांगायला काकांना बराच धीर लागेल.

पण पत्रात तुम्ही ओझरती एक गोष्ट लिहिलीत, त्यावर मी अडखळले. मांजरीचा वाळूचा ट्रे जिन्याजवळच्या सामाईक गॅलरीत ठेवलाय, आणि काकूंच्या तुळशीची माती दोनदा उकरलेली दिसली. ताई, ट्रे आज संध्याकाळच्या आत तिथून उचला. उपद्रवाच्या मुद्द्यावर तुमची बाजू फक्त तेवढ्या जागेत कच्ची आहे. गॅलरी त्यांचीही आहे, वास त्यांच्याही घरात जातो, आणि 'उपद्रव' या शब्दाला कोर्टात पुरावा लागतो तो अशाच फोटोंचा. शिवाय मांजर अजून तिसऱ्याच आठवड्यात आहे. तिला एक खोली द्या, दार बंद, खाणं-पाणी एका कोपऱ्यात, ट्रे दुसऱ्या कोपऱ्यात, लपायला एखादं खोकं. तिला ओढून बाहेर काढू नका, मुलीलाही काढू देऊ नका. बाहेरच्या जगाला घाबरलेला जीव आधी एक खोली ओळखतो, मग घर. आमच्या वकिलीच्या ऑफिसात आलेली मांजर पंधरा दिवस जुन्या फायलींच्या कपाटामागं होती. बाहेर आली ती थेट एका वकालतनाम्यावर पाय पुसत.

वाळूचं आणखी एक, कारण हे इंदूर आहे आणि शेजारी कचऱ्यावरूनही तक्रार करतात. मातीची वाळू ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. आपला ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला, म्हणजे कचऱ्यापासून गॅस करायला, जातो, तिथं माती नको असते. गाडीवाल्या भैय्याला विचारून वेगळी बांधून द्या.

आता पोत्याची धमकी. पशु क्रूरता निवारण अधिनियम, 1960 च्या कलम 11 मध्ये प्राण्याला उपाशी-तहानेलं मरेल असं सोडून देणं हा गुन्हा आहे. शिक्षा ऐकून हसाल: पहिल्या वेळी 10 ते 50 रुपये दंड. सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याच्या किसाची प्लेटसुद्धा त्यात मिळणं कठीण. कित्येक दशकांपूर्वीचा आकडा अजून तोच आहे. म्हणून काकांना हे कलम दाखवण्यात अर्थ नाही. दुसरं दाखवता येईल. भारतीय न्याय संहितेचं कलम 325: प्राण्याला मारणं, विष देणं किंवा निकामी करणं, पाच वर्षांपर्यंत कैद, आणि पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात. मांजर कायद्याच्या नजरेत तुमची मालमत्ता आहे (वाईट वाटलं तरी इथं ते तुमच्या सोयीचं आहे), म्हणजे तुमच्या संमतीशिवाय घरात शिरून तिला उचलून नेणं हा चोरीचा आणि गृह-अतिक्रमणाचा विषय होतो. हे सगळं बोलून दाखवू नका. पुन्हा धमकी आली तर तारीख-वेळ वहीत लिहा, आणि शक्य तेवढं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर आणा. लिहिताना माणूस जरा सांभाळून बोलतो, आणि नाही सांभाळलं तर ते आपल्याकडे राहतं.

पाण्याची मोटर बंद करणं, वीज तोडणं हेही मालकाला करता येत नाही, स्थान नियंत्रण कायद्यात त्याला मनाई आहे. कुलूप बदलून तुम्हाला बाहेर ठेवलं तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खाली ताब्यासाठी दावा लावता येतो, पण सहा महिन्यांच्या आत. तुम्ही मात्र रागाच्या भरात भाडं थांबवू नका. थकलेलं भाडं हे कलम 12 च्या यादीतलं पहिलंच कारण आहे. काकांनी घ्यायला नकार दिला तर बँकेत टाका, तेही परत आलं तर भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जमा करायची सोय आहे. मांजरीच्या मुद्द्यावर जिंकून भाड्याच्या मुद्द्यावर घर गमावलेले लोक मी पाहिलेत.

दत्तकाच्या फॉर्मकडे येते. 'दत्तक' हा शब्द गोड आहे, पण 1956 चा दत्तक कायदा माणसांच्या मुलांसाठी आहे. तुमचा फॉर्म हा साधा करार. त्यात तीन अटी आहेत: मांजर दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, ठेवता आली नाही तर त्याच बाईंना परत करायची, अट मोडली तर 10,000 रुपये. तुम्हाला वाटतंय हे पैसे आपोआप द्यावे लागतील. करार अधिनियमाच्या कलम 74 प्रमाणे कोर्ट वाजवी भरपाईच देतं, करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. आणि परत करण्याची अट तुमच्याच कामाची आहे: उद्या खरंच वेळ आली तर मांजरीला रस्त्यावर सोडायचा प्रश्नच उरत नाही.

पण चौथी ओळ? "मकानमालकाची परवानगी आहे का?" आणि त्यापुढं तुमच्याच हातानं केलेली 'होय' ची खूण. ताई, ही खूण त्या बाईंनी काकांना फोन करायच्या आत तुम्ही स्वतः दुरुस्त करा. आज त्यांना फोन करा, खरं सांगा. मांजरं वाचवणारे लोक परवानगी नसल्यावर चिडतात, पण खोटं सापडल्यावर फार जास्त चिडतात, आणि तेव्हा 'फसवणुकीनं घेतली' म्हणून मांजर परत मागायला त्यांना जागा मिळते. बहुतेक वेळा उलट होतं, त्या स्वतः येऊन मालकांशी बोलतात. तुमच्या पत्रावरून त्या बाई तशाच वाटतात.

मग काकूंकडे जा. हो, काकूंकडे. तुळस त्यांची आहे, आणि तुम्हीच लिहिलंय की मांजर आडवी जाण्याचं त्यांना काही वाटत नाही, वाटतं ते काकांना. जाताना एक पानी पत्र न्या: मांजरीची नसबंदी झालेली आहे, रेबीजची लस टोचली आहे, ट्रे घरात आणला आहे, बाल्कनीला जाळी तुमच्या खर्चानं लावाल, घर सोडताना ओरखड्यांची दुरुस्ती डिपॉझिटमधून वजा करायला तुमची हरकत नाही. खाली ओळ: "कलम 9 असूनही या एका मांजरीस संमती आहे." दोघांच्या सह्या, दोन प्रती. नवीन किरायानामा करणार असाल तर ही ओळ त्यातच घाला. काकांनी साफ नाही म्हटलं तर पुढच्या पायरीसाठी भेटायला या. पण एवढं आधीच सांगून ठेवते: खरोखर काढायचं ठरवलं तर मालकाला मांजर लागत नाही, 'मुलाला राहायला घर हवं' हे कलम 12 मधलं कारण त्यांच्याकडे आहे, आणि त्यांचा मुलगा पुण्याहून परत येणार असल्याचं तुम्हीच लिहिलंय.

आणि लसीचं कार्ड. त्यावर डॉक्टरांनी फक्त 'फीमेल, ग्रे' लिहिलंय, फॉर्मवर नाव चिंगी आहे. सुदामा नगरात करड्या माद्या किती असतील! पुढच्या खेपेला डॉक्टरांना सांगून कार्डावर नाव, अधू डोळा कोणता, नसबंदीची खूण म्हणून कापलेलं कानाचं टोक कोणत्या बाजूचं, हे लिहून घ्या, आणि शिक्का मारून आणा.