वाचकांचे प्रश्न : ब्रायन मे यांच्या गिटारचा नाद

प्रश्न : ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडच्या ब्रायन मे यांच्या गिटारचा भरदार, गाता सूर मला हवा आहे. माझ्याकडे स्ट्रॅटोकास्टर धाटणीची गिटार, डिस्टॉर्शन पेडल आणि लहान ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प आहे. पेडल कितीही वाढवले तरी आवाज नुसता खरखरतो. त्यांच्यासारखी गिटारच विकत घ्यावी का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : इतक्यात नको. मे यांनी १९६३ पासून वडिलांच्या मदतीने ‘रेड स्पेशल’ ही आपली गिटार घरीच घडवली आणि तिच्या नेकसाठी (मानेसाठी) जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी लाकूड वापरले, ही हकीकत इतकी सांगितली जाते की सारी किमया लाकडातच असावी, असे वाटू लागते. माझ्या मते लाकडापेक्षा आतील जोडणीचा वाटा मोठा आहे. तिचे तिन्ही बर्न्स ट्राय-सॉनिक पिकअप (तारांची कंपने विद्युत संकेतात बदलणारे भाग) एकसर, म्हणजे एकामागोमाग एक अशा जोडणीत असून प्रत्येकासाठी चालू-बंद करण्याचा आणि फेज (संकेताची दिशा) उलटण्याचा असे दोन स्विच आहेत. आपल्या गिटारमध्ये दोन पिकअप एकत्र लागतात ते समांतर जोडणीत, म्हणून आवाज स्वच्छ पण किरकोळ वाटतो. ब्रिजजवळचा (तारा टेकतात त्या पट्टीजवळचा) व मधला पिकअप जाणकाराकडून एकसर जोडून घेतल्यास आवाजाला जोर येतो, मधला पट्टा भरतो आणि वरची धार जराशी बोथट होते.

खरी मेख मात्र अ‍ॅम्पमध्ये आहे. मे वॉक्स एसी३० हा ३० वॅटचा अ‍ॅम्प नॉर्मल चॅनेलवर, व्हॉल्यूम पूर्ण उघडून वाजवतात आणि त्यातील चार ईएल८४ व्हॉल्व्ह (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) आधीच फुटण्याच्या, म्हणजे आवाज खरखरीत करण्याच्या बेतात असताना ट्रेबल बूस्टरने (वरचे स्वर वाढवणाऱ्या पेडलने) त्यांना आणखी ढकलतात. सुरुवातीला त्यांच्याकडे डॅलस रेंजमास्टर हा बूस्टर होता. एकाच जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर चालणारा हा डबा खर्ज फारसा वाढवत नाही, वरचे स्वर मात्र जोराने पुढे पाठवतो, त्यामुळे व्हॉल्व्ह फुटले तरी आवाज गढूळ होत नाही. आपले डिस्टॉर्शन पेडल फुटण्याचे काम स्वतःच उरकते आणि अ‍ॅम्पपुढे तयार खरखर ठेवते.

ठाण्याच्या सदनिकेत एसी३० पूर्ण उघडणे म्हणजे सोसायटीशी वैर. म्हणून एसी३०चा नॉर्मल चॅनेल असलेले मॉडेलर (अ‍ॅम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारे यंत्र) हेडफोनवर वापरावे, हाच व्यवहार्य मार्ग. बूस्टर गिटारनंतर लगेच, मध्ये दुसरे कोणतेही पेडल न ठेवता जोडावा, कारण पिकअप आणि बूस्टर यांचा थेट संबंध राहिला तरच गिटारचा व्हॉल्यूम कमी करताच आवाज निवळतो. मे यांचे नियंत्रण त्याच नॉबवर आहे : सोलोला पूर्ण, साध्या कॉर्डसाठी बराच खाली. जुन्या धाटणीचा जर्मेनियम बूस्टर घेतल्यास त्याला वेगळी बॅटरी द्यावी, कारण अशा अनेक बूस्टरमध्ये धन टोक अर्थला जोडलेले असते आणि इतर पेडलांबरोबर एकाच अ‍ॅडॉप्टरवर ते चालत नाहीत. शिवाय जर्मेनियम उष्णतेने बिघडतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सिलिकॉनचा बूस्टर अधिक भरवशाचा.

राहिला पिकचा, म्हणजे तारा छेडायच्या चकतीचा प्रश्न. मे सहा पेन्सचे जुने ब्रिटिश नाणे वापरतात, कारण ते वाकत नाही आणि त्याच्या दातेरी कडेमुळे प्रत्येक स्वराच्या आरंभी बारीक कुरकुर उमटते. घरात तांबे-निकेलची जुनी पावली, म्हणजे पंचवीस पैशांचे नाणे सापडले तर वापरून पाहावे; आकाराने ते जवळजवळ तेवढेच असते. कड दातेरी आहे ना, एवढे पाहून घ्यावे. स्टेनलेस स्टीलचे नाणे मात्र घेऊ नये; ते कठीण असल्याने तारा लवकर झिजतात.