धारेच्या वेळी बेचाळीस मुले

प्रश्न : आमची खानापूर तालुक्यातील मराठी प्राथमिक शाळा आहे. चौथीच्या 42 मुलांना जवळच्या गावातील म्हशींचा गोठा दाखवायचा आहे. मालक दुपारी खुशाल या म्हणतात, पण धारेच्या वेळी नको म्हणतात. मुलांना तर धारच पाहायची आहे. शिवाय तेथे धारोष्ण दूध प्यायला द्यावे, असे काही पालकांनी सुचवले आहे. आम्ही काय करावे? – एक शिक्षिका

उत्तर : बाई, मालकांचे म्हणणे आपण मनाला लावून घेऊ नये, कारण ते अगदी रास्त आहे. रेडकू कासेला ढुशा देऊ लागले किंवा ओळखीचा हात सडांवर फिरला, की ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते आणि पान्हा फुटतो. त्याचा जोर जेमतेम पाच-सात मिनिटे टिकतो आणि तेवढ्यात धार उरकावी लागते. त्याच वेळी बेचाळीस मुलांचा गलका झाला, तर म्हैस बिचकते आणि पान्हा चोरते. गाईपेक्षा म्हैस या बाबतीत अधिक हळवी असते. त्या वेळचे दूध तर घटतेच, पण कासेत दूध साचून राहण्याची सवय लागली, तर पुढे दगडीची, म्हणजे कासेला सूज येण्याच्या रोगाची, भीती असते.

तरीही मुलांनी धार पाहावी, असे मला मनापासून वाटते. रिकाम्या कासंडीत पहिली धार पडते तेव्हा होणारा टणक आवाज आणि तीच कासंडी अर्धी भरल्यावर फेसात विरणारा मऊ आवाज यांतला फरक चित्रावरून कळत नाही. म्हणून आपण संध्याकाळची धार निवडावी, पाच-पाच मुलांची तुकडी करावी आणि दोन-तीन तुकड्यांपुरतीच परवानगी एका दिवशी मागावी. मुलांनी म्हशीच्या पाठीमागे न थांबता, तिला दिसेल असे खांद्याच्या बाजूला, हातभर अंतर राखून निमूट उभे राहावे. अशी विनंती केली, तर मालक बहुधा नाही म्हणणार नाहीत.

धारोष्ण दुधाला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. आपल्याकडे त्याचे कौतुक पिढ्यान्‌पिढ्या चालत आले असले, तरी निरशा, म्हणजे न तापवलेल्या, दुधातून ब्रुसेलोसिस (जनावरांचा गर्भपात घडवणारा आणि माणसालाही होणारा रोग) आणि क्षय यांचे जंतू पोटात जाऊ शकतात, आणि वरून निरोगी दिसणाऱ्या म्हशीच्या दुधातही ते असू शकतात. मालकांच्या चुलीवर दूध उकळून घ्यावे. गोठ्यात बसून गरम दूध पिण्याचा आनंद त्याने उणा होत नाही. हात साबणाने धुतल्याशिवाय कोणीही काही खाऊ नये. नुकत्याच व्यालेल्या किंवा गाभडलेल्या (गर्भपात झालेल्या) जनावराजवळ तर मुलांना नेऊच नये, आणि सोबतच्या शिक्षिकांपैकी कोणी गरोदर असतील, तर त्यांनीही तिकडे जाऊ नये.

मुले डब्यातला भात प्रेमाने गव्हाणीत टाकतात, तेही थांबवावे. सवय नसताना भात किंवा धान्य जास्त गेले, की जनावराच्या पोटात आम्ल वाढते आणि रवंथ बंद पडते. घरी गुरे असलेल्या मुलांनी धुतलेल्या चपला घालूनच यावे, कारण लाळ्या खुरकूत हा गुरांचा साथीचा रोग चिखलाने भरलेल्या पायांबरोबरही एका गोठ्यातून दुसऱ्यात जातो.

खानापूरकडचा पाऊस पाहता ही भेट दिवाळीनंतरच ठेवावी. ओल्या शेणावर मुले घसरतात आणि अचानक कोणी पडले, की दाव्याची म्हैसही दचकून उसळते. धार आटोपल्यावर तेच दूध गावच्या संकलन केंद्रावर जाते, तेथपर्यंत मुलांनाही न्यावे. म्हशीच्या दुधाचा फॅट, म्हणजे स्निग्धांश, सहा-सात टक्क्यांच्या घरात आणि गाईचा चारच्या आसपास का येतो, हे त्यांनी केंद्रचालकांनाच विचारावे.