एफडीची मुदत संपेपर्यंत हिपॅटायटिस सीचे उपचार थांबवावेत का?

प्रश्न : वय ४८, इचलकरंजीत यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत हिपॅटायटिस सी (यकृताला इजा करणारा विषाणू) निघाला. १९९६ साली अपघातात रक्त चढवलं होतं, त्यातून आला असावा असं डॉक्टर म्हणतात. रक्तात विषाणू आहे हे पुढच्या तपासणीत नक्की झालं. फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) ८.४. त्रास काहीच नाही. डॉक्टर म्हणतात, उपचार घ्या. गोळ्या आणि तपासण्या धरून ४५ हजारांचा अंदाज आहे. माझी तीन लाखांची एफडी ७ टक्क्यांनी आहे, ती दोन वर्षांनी मुलीच्या फीसाठी सुटेल. तोवर नुसत्या तपासण्या करत राहावं (वर्षाला साडेसात हजार) आणि मधल्या काळात, हे न सांगता, मेडिक्लेम काढून घ्यावा असा विचार आहे.

उत्तर : थांबू नका, आणि एफडीही मोडू नका. मेडिक्लेमचा विचार तर आजच डोक्यातून काढा.

तुमचाच हिशेब पुढे नेतो. दोन वर्षांच्या तपासण्यांचे १५ हजार होतात. एवढे खर्चून विषाणू जिथल्या तिथेच राहणार, आणि ४५ हजारांचा खर्च तेव्हाही उभाच असणार. म्हणजे थांबून पैसे वाचत नाहीत, उलट उपचाराच्या एक तृतीयांश रक्कम वर जाते. त्यात ८.४ हा आकडा सांगतो की यकृतावर व्रण पडायला लागले आहेत. साधारण १२.५ च्या पुढे सिरॉसिस, म्हणजे व्रणांनी यकृत निबर होणं, धरतात. तुम्ही अजून अलीकडे आहात, आणि तुमच्या घरातली सगळ्यात मोठी शिल्लक आज हीच आहे. एकदा सिरॉसिस झाला की विषाणू गेल्यावरही कॅन्सरच्या भीतीने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते, तीही कायमची. त्यापुढची पायरी यकृत प्रत्यारोपणाची. खाजगी रुग्णालयात तो आकडा २० लाखांच्या पुढे जातो.

'थांबून बघू' हा सल्ला एके काळी शहाणपणाचा होता. माझ्या आत्येभावाला २००९ साली हाच आजार निघाला. तेव्हा इंटरफेरॉनचं इंजेक्शन दर आठवड्याला घ्यावं लागे. तो ते बर्फ भरलेल्या थर्मासमधून एसटीने घरी आणायचा आणि फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्यांमागे ठेवायचा. घेतल्या रात्री थंडी भरून ताप. त्यासाठी अर्धा एकर विकलं, आणि पाचव्या महिन्यात हिमोग्लोबिन इतकं उतरलं की उपचार सोडावे लागले. तेव्हा कुणी मला विचारलं असतं, तर मीही थांबा म्हटलं असतं.

आज तसं राहिलेलं नाही. २०१३ च्या अखेरीस सोफोसबुविर हे या आजारावरचं गोळीचं औषध अमेरिकेत आलं, तेव्हा एक गोळी हजार डॉलरला होती, १२ आठवड्यांचे ८४ हजार डॉलर. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना ते बनवायचे परवाने मिळाले आणि किंमत कोसळली. आता बहुतेकांना १२ आठवडे रोज गोळ्या घ्यायच्या असतात आणि शंभरातले ९५ च्या आसपास बरे होतात. दुकानही बंद ठेवावं लागत नाही.

शिवाय हे ४५ हजार तरी खर्चायचे का? २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत. आधी मिरजेच्या सरकारी रुग्णालयात किंवा कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात रिपोर्ट घेऊन चौकशी करा. औषधं तीच असतात, त्यामुळे कमीपणा वाटून घेऊ नका. एक-दोन सकाळी रांगेत जातील, त्या जाऊ द्या.

तिथे जमलं नाही तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी न मोडता ती तारण ठेवून बँकेकडून उचल. बँका साधारण एफडीच्या दरावर १ ते २ टक्के जास्त लावतात, आणि एफडीचं व्याज चालूच राहतं. ४५ हजार सहा महिन्यांत फेडले तर खरा भुर्दंड सव्वादोनशे ते साडेचारशे रुपयांचा. मुलीच्या फीला धक्का लागत नाही.

आता मेडिक्लेम. तुमच्या हातात रिपोर्ट आहे. तो लपवून काढलेली पॉलिसी ऐन गरजेच्या वेळी नाकारली जाईल आणि तोवरचे हप्ते वाया जातील. पाच वर्षं झाल्यावर कंपनी जुनी माहिती उकरून काढू शकत नाही हे खरं, पण फसवणुकीला ते संरक्षण नाही. गोळ्यांचे १२ आठवडे, त्यानंतर आणखी १२ आठवड्यांनी पुन्हा विषाणूची तपासणी. त्यात विषाणू सापडला नाही तर बरे झालात. तो रिपोर्ट जोडून, सगळं खरं लिहून अर्ज करा. हप्ता थोडा वाढेल किंवा आधीच्या आजारासाठी थांबायची मुदत लागेल. २०२४ च्या नियमाने ती तीन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही.

तो रिपोर्ट लॅमिनेट करू नका, पण चार झेरॉक्स काढून मूळ प्रत घराच्या कागदपत्रांत ठेवा. अँटिबॉडीची (विषाणूशी लढायला शरीराने बनवलेल्या घटकांची) साधी तपासणी बरं झाल्यावरही बहुधा पॉझिटिव्हच येत राहते. उद्या कुठल्याही ऑपरेशनआधी किंवा विम्याच्या तपासणीत ती पुन्हा निघाली, तर हाच कागद दाखवावा लागेल.

गोळ्या सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे ना, आणि तुमची चालू औषधं यांच्याबरोबर चालतात ना, हे डॉक्टरांना नक्की विचारा. वहिनींचीही एकदा तपासणी करून घ्या. दाढीचं ब्लेड आणि टूथब्रश आजपासून वेगळे ठेवा. मिरजेला काय सांगितलं ते मला जरूर कळवा, तिथे नाहीच जमलं तर ओव्हरड्राफ्टचे कागद आपण मिळून बघू.